वीस पडले, आणि मी ‘चुकलं’ म्हणालो

जुलैचा पहिला शनिवार, रात्रीचे साडेदहा. लाईट गेलेली. पडवीत इमर्जन्सी दिव्याभोवती डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ खेळणारे पाचजण आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांच्या पडद्याआड मी. गुहेत ओगरने, म्हणजे धिप्पाड राक्षसाने, सोटा उगारलेला, समोर ताईंचा मंत्र टाकणारा विझार्ड, इजा सोसायला नऊ जीव शिल्लक. मी वीस बाजूंचा फासा टाकला; वीस पडले की सगळ्यांत जबर फटका. वीस. चेहरा शक्य तितका कोरा ठेवून म्हणालो, ‘चुकलं. सोटा कानाजवळून गेला, भिंतीचा टवका उडाला.’ तेवढ्यात माझ्या पाठीमागे चटईवर झोपलाय असं मी धरून चाललेला तिसरीतला पुतण्या ओरडला, ‘काका, वीस! वीस पडले!’

त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. वीस पडले की ओरडायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

प्रकरण एवढंच. त्यानंतर आमचा खेळ दोन शनिवार बंद राहिला. सहा आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं टेबल कायमचं मोडतं की काय, अशी वेळ आली. का आली आणि पुढे काय केलं, ते लिहून ठेवतो. असाच पडदा लावून बसलेला कोणी दुसरा असेल तर त्याच्या कामी येईल.

टेबल

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला, शिशाचे सैनिक मांडून खेळायच्या लढाईच्या खेळांतून. एकजण जग सांभाळतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र चालवतात. तुम्ही काय करता ते तोंडाने सांगायचं, आणि जिथे निकाल खरोखर अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो. तिचे मूळ नियम जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना मोकळे झाले. त्यामुळे मी ते मराठीत उतरवून, झेरॉक्स काढून वाटले तरी कुणाची चोरी होत नाही.

उतरवताना गंमत झाली ती शब्दांची. चोरी-चलाखी करणाऱ्या पात्राला इंग्रजीत ‘रोग’ म्हणतात. ‘मी पहिल्या लेव्हलचा रोग आहे’ असं एकाने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पंधरा मिनिटं खेळ पुढे सरकला नाही. आता तो नुसता चोर. पात्राला फटका लागायला बेरीज किती यायला हवी त्या आकड्याला इंग्रजीत ‘एसी’ म्हणतात, पण ‘एसी’ म्हटलं की लाईटचं बिल आठवतं म्हणून तो बचाव झाला, ‘हिट पॉइंट’चे जीव झाले, आणि जग सांभाळणारा मी तो सूत्रधार. एल्फ (निमुळत्या कानांचे), ड्वार्फ (बुटके), गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) मात्र तसेच ठेवले.

सुरुवातीला मी सगळंच कोकणात आणायचा प्रयत्न केला होता. गॉब्लिनांच्या जागी देवचार, पडक्या किल्ल्याच्या जागी आमच्या वाडीच्या वरचा सडा. पहिल्याच प्रसंगाला ड्वार्फ चालवणारे काका हात जोडून बसले. ‘देवचाराशी मी लढूचंय नाय. तेका नारळ देतत, तलवार नाय.’ बाकीच्यांनीही माना डोलावल्या. बरोबरच होतं. आमच्याकडे राखणदार हा शत्रू नसतो, त्याचं देणं असतं. गॉब्लिनाचं कुणी काही देणं लागत नाही, म्हणून त्याला बिनधास्त मारता येतं. त्या दिवसापासून जग जुन्या साच्याचंच ठेवलं: पडका बुरुज, खालची भुयारं, डोंगरात कुठेतरी ड्रॅगन, आणि सराईत प्यायला एल, म्हणजे एक प्रकारची बिअर.

माणसं सांगतो. काका दशावतारी मंडळात भूमिका करतात, पावसाळ्यात नाटकं बंद म्हणून रिकामे. चोर चालवणारा ट्रॉलरवर जातो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून तोही घरी. क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा भरणारं पात्र, चालवणाऱ्याचा होमस्टे आहे, पावसात पर्यटक नाहीत. धनुष्यबाणवाली एल्फ म्हणजे माझी कॉलेजात जाणारी भाची. आणि एल्फ विझार्ड चालवणाऱ्या ताई पतसंस्थेत कॅशियर आहेत. त्यांना ना पावसाळी सुट्टी ना काही, पण शनिवारी साडेआठला सगळ्यांत आधी त्याच हजर. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, घडी घालून पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात ठेवलेली, आणि सोबत एक छोटी डायरी.

डायरीबद्दल पुढे येईलच.

ती रात्र, जवळून

तिसऱ्या लेव्हलची पाच पात्रं. समोर एक ओगर आणि चार गॉब्लिन. कागदावर हिशेब असा: ओगरचे अनुभवाचे ४५० गुण, गॉब्लिनांचे प्रत्येकी ५०, मिळून ६५०. शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणजे १,३००. अशा पाच पात्रांना ‘कठीण’ची रेषा १,१२५ला लागते आणि ‘प्राणघातक’ची २,०००ला. म्हणजे कठीण, पण झेपणारं. मी समाधानाने वही मिटली होती.

चूक अशी की हा हिशेब ताज्या दमाच्या पात्रांचा. माझी मंडळी त्याआधी दोन झटापटी करून आली होती, मध्ये विश्रांती नाही. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डला दिवसाला सहा मंत्र, चार पहिल्या पातळीचे, दोन दुसऱ्या. ताईंचे सहाच्या सहा संपलेले. सतरा जीवांपैकी नऊ उरलेले. बचाव १२. ओगरच्या फाशात सहा मिळवतात, म्हणजे वीसपैकी पंधरा आकड्यांवर फटका लागणारच.

आणि त्यात वीस. नैसर्गिक वीस पडले की इजेचे फासे दुप्पट: आठ बाजूंचे चार फासे, अधिक चार. इजेने जीव शून्यावर आणून उरलेली इजा पूर्ण जीवांइतकी, म्हणजे सतरा भरली, तर पात्र जागच्या जागी मरतं. ताईंसाठी ती रेषा २६ची होती. चार फाशांवर २२ किंवा वर यायला हवेत. ४,०९६ शक्यतांपैकी ९४१. शंभरात तेवीस. हे मी नंतर बसून मोजलं. त्या क्षणी मोजायला कुणाला वेळ असतो? मला फक्त वीस दिसले आणि ताई दिसल्या, आणि तोंडातून ‘चुकलं’ निघून गेलं.

पुतण्या ओरडल्यावर कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत राहिला. काका म्हणाले, ‘हो कित्याक बोंबाललो?’ मी काहीतरी पुटपुटलो, हा दुसराच फासा होता वगैरे. खोटं बोलण्याची सवय नसली की दुसरं खोटं पहिल्याहून वाईट निघतं. अजून वीसेक मिनिटं खेळ चालला म्हणायचा. ताईंनी त्यांच्या पाळीला ‘मी मागे सरकते’ एवढंच सांगितलं, तीनदा. मग पाऊस जरा उघडल्याचं निमित्त झालं आणि सगळे उठले. ताईंची शीट कव्हरासकट टेबलावरच राहिली. विसरणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

बावीसात सात

दुसऱ्या दिवशी शीट द्यायला गेलो. ताईंनी चहा ठेवला आणि डायरी काढली. कॅशियरची सवय, आपण टाकलेला प्रत्येक फासा त्या तारखेसकट लिहून ठेवतात. मला ठाऊक नव्हतं.

‘पहिली रात्र,’ त्या म्हणाल्या. ‘मी झोपेचा मंत्र टाकला. आठ बाजूंचे पाच फासे. बेरीज बावीस. बरोबर?’

‘बरोबर.’

‘गॉब्लिनाचे जीव किती? तुझ्याच झेरॉक्समध्ये आहेत.’

‘सात.’

‘बावीसात सात किती वेळा बसतात?’

‘तीन.’

‘आणि झोपले किती?’

चार झोपले होते. त्या रात्री पहिल्या लेव्हलची पाच पात्रं पहिल्यांदाच लढत होती. चौथा गॉब्लिन उभा राहिला असता तर कुणीतरी नक्की पडलं असतं, म्हणून मी पडद्यामागे त्याचे जीव खोडून एक केला होता. सबब मात्र माझ्याकडे तयार होती. गॉब्लिनाचे सात जीव ही सरासरी. मूळ नियम म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाकून काढायचे. म्हणजे एखादा दुबळा असू शकतो, ताई.

‘असू शकतो,’ त्या म्हणाल्या. ‘होता का?’

मी चहा प्यायलो.

‘आठवडाभर काउंटरवर बसून त्या चार गॉब्लिनांची गोष्ट सांगितली रे मी. शिपायापासून मॅनेजरपर्यंत. त्यांना कुणाला गॉब्लिन म्हणजे काय ते कळत नव्हतं, तरी सांगितली.’

त्यांना वाचवणं मला उपकार वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी त्यांच्या हातून एक जिंकलेली लढाई मागच्या तारखेने काढून घेतली होती. एक चेक खोटा निघाला की त्या खात्यातले सगळे चेक पुन्हा तपासावे लागतात, तसंच हे. आता त्यांच्या डायरीतल्या प्रत्येक विजयासमोर प्रश्नचिन्ह होतं, अगदी खऱ्या विजयांसमोरही.

नियमाने मी दोषी नाही, हेही सांगून टाकतो. १९७९च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सनेच फासे डावलण्याची मुभा दिली आहे. २०१४च्या पुस्तकातही पडद्याआड फासे टाकणं आणि वेळप्रसंगी निकाल बदलणं सूत्रधारावर सोडलंय. वर्षानुवर्षं फासे फिरवून उत्तम टेबल चालवणारी माणसं आहेत, आणि काही टेबलांना ते हवंही असतं, गोष्ट नीट लागावी म्हणून. ताईंना गोष्ट नको होती. दिवसभर त्या दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब जुळवतात. इथे त्यांना स्वतःची जोखीम हवी होती. हे मी पहिल्या शनिवारी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

काका आणि कौल

मधल्या आठवड्यात काका आले, पायरीवर बसले, तंबाखू मळत म्हणाले, ‘आमच्या नाटकात शेवट सगळ्यांका म्हायत आसता. राक्षस मरतलो, देव जिंकतलो. बोलूचा काय ता मात्र कोणाक म्हायत नसता.’

दशावतार पाहिलेल्यांना हे सांगायला नको. लिहिलेली संहिता नाही. प्रयोगाआधी आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका ते ठरतं, आणि मग एक बाकडं, एक पडदा, पेटी-मृदंगाच्या साथीला रात्रभर स्वतःची भाषा. संवाद जागच्या जागी सुचलेले.

‘तुझ्या खेळात उलटा आसा म्हणतंस. बोलणा आपला, शेवट फाशांचो. मगे शेवट तू कित्याक लिवतंस?’

याला उत्तर नव्हतं. काकांनी तंबाखू तोंडात टाकली आणि विषय पावसाकडे नेला.

मला आजी आठवली. विहीर कुठे खणायची म्हणून तिने देवळात कौल लावला होता. पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, गुरवाने विचारणा केली, डावा कौल आला, म्हणजे नकार. आजोबांच्या ती जागा फार मनात होती, घराजवळची. ते म्हणाले, पुन्हा लावू. आजी म्हणाली, ‘दुसऱ्यांदा लावायचा तर पहिल्यांदा कशाला विचारलं? सरळ खणायचं होतं.’ विहीर लांब खणली. तिने आयुष्यभर पाणी वाहिलं आणि कुरकुरही केली, पण कौलाबद्दल नाही.

तेव्हा कुठे माझी चूक मला नीट दिसली, आणि ती ‘चुकलं’ म्हणण्याच्या बरीच आधीची निघाली. ताई मेलेल्या मला चालणारच नव्हत्या, तर तो फासा मी टाकायलाच नको होता. ओगर काकांवर धावून गेला असता. गुरगुरून खंडणी मागितली असती. गॉब्लिन घाबरून पळाले असते. १९८१च्या बेसिक आवृत्तीत तर शत्रू टिकतो की पळतो हे ठरवायला दोन फाशांचा वेगळा नियमच होता, आणि अनुभवाचे बहुतेक गुण मारण्याऐवजी खजिन्यातून मिळत, त्यामुळे लढाई टाळणं हाच शहाणपणा असे. ते सगळं मला ठाऊक होतं.

त्याहून मागे जायचं तर गुहेत शिरताना चोराने विचारलं होतं, ‘मागसून वाट आसा काय?’ दर्यावर जाणारा माणूस, आत शिरण्याआधी बाहेरचं बघणारच. मी नकाशावर नजर टाकून म्हणालो, नाही. का नाही? कारण मला ती लढाई हवी होती, चांगली रंगवून ठेवली होती. वाट मी बंद केली, विश्रांती मी दिली नाही, आणि मग सगळ्याचा भार त्या एका फाशावर आला तेव्हा तो लपवलाही मीच.

परात

चौथ्या शनिवारी सगळे आले. भाचीने एकेकाच्या घरी जाऊन आणले, हे तिचं काम. मी पडदा चुलीत घातला होता. (ओला होता, धूरच जास्त झाला.) टेबलाच्या मधोमध आईची पितळी परात ठेवली, आत पंचा अंथरला, नाहीतर प्रत्येक फाशाला देवळातल्या घंटेसारखा नाद होतो. यापुढे माझे फासेही इथेच, सगळ्यांसमोर. टाकण्याआधी दोन्ही निकाल तोंडाने सांगायचे. आणि जो निकाल मला मानवणार नाही, त्यासाठी फासा उचलायचाच नाही, सरळ काय घडतं ते सांगायचं. लपवायला काही उरलंच तर ते जगातलं असेल, भिंतीमागे काय आहे वगैरे. आकड्यांतलं नाही.

मग त्या रात्रीच्या वीसचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी सुचवलं की गुहेचा प्रसंगच पुसून टाकू, सराईपासून सुरू करू. क्लेरिकवाला लगेच हो म्हणाला. ताईंनी शीट कव्हरातून काढली, घडी हाताने सपाट केली.

‘ते वीस माझे आहेत. मला द्या.’

सगळ्यांनी त्यांना समजावून पाहिलं. मी शंभरात तेवीसचा हिशेबही सांगितला. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे सत्त्याहत्तर माझ्या बाजूने आहेत. टाक.’

चार फासे परातीत. पाच, तीन, सात, दोन. सतरा आणि चार एकवीस. नऊ वजा, बारा उरले. सतराला पाच कमी. पडवीत जो आरडाओरडा झाला त्याने शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. ताई पडल्या, पण मेल्या नाहीत. आता त्यांच्या प्रत्येक पाळीला एक फासा: दहा किंवा वर आले तर एक यश, खाली आले तर एक अपयश. तीन यशं आधी झाली तर स्थिर, तीन अपयशं आधी झाली तर संपलं.

काका उठून उभे राहिले आणि ओगरला असं आव्हान दिलं की मी फासा न टाकताच ओगर त्यांच्याकडे वळवला. कुठला राक्षस ते ऐकून वळला नसता? चोर ताईंजवळ धावला, रक्त थांबवायला दहा हवे होते, सात पडले. ताईंचा पहिला फासा आठ. अपयश. क्लेरिक निघाला, वाटेत दोन गॉब्लिन. ताईंचा दुसरा फासा पंधरा. यश. क्लेरिकने एक गॉब्लिन पाडला, आता फक्त एका चालीवर. ताईंनी तिसरा फासा मुठीत धरला, फुंकर मारली, परातीत सोडला.

एक.

नैसर्गिक एक म्हणजे दोन अपयशं. एकूण तीन.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे परातीकडे पाहत होते. मला बरं वाटलं म्हणणं विचित्र दिसेल, पण वाटलं.

चोराने पुन्हा विचारलं, ‘मागसून वाट?’ या वेळी मी म्हणालो, शोध. पंधरा किंवा वर आले तर भिंतीत अंग चोरून जाता येईल एवढी फट आहे, कमी आले तर नाही, आणि मग लढायचं. सोळा आले. चौघं मेलेल्या विझार्डला ओढत बाहेर पडले. ओगरचे अजून चाळीस जीव शिल्लक होते, तो गुहेतच राहिला. आहे अजून.

बाहेर दगड रचून झाल्यावर काकांनी खऱ्याखुऱ्या टोपीला हात लावून गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा, ह्यां एल्फांचा लेकरू आज तुझ्या पायाशी इला आसा. आमच्या गावचा नाय, आमच्या भाषेचा नाय, तरी तेका पदरात घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि तो जो कोण सोटेवालो आत बसलोहा, तेचा काय ता आमीच बघतलंव. तू मधी पडा नको रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ ताईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग त्यांनी कोरी शीट मागितली. नवीन पात्र: सहा बाजूंचे चार फासे, सगळ्यांत लहान काढून टाकायचा, असं सहा वेळा. परातीत सहा, पाच, पाच, दोन. पुतण्या या वेळी जागाच होता, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून. ‘सोळा,’ तो म्हणाला. ताईंनी तो आकडा आधी डायरीत लिहिला, मग शीटवर.